न गायलेला ढावलो

आईला लकवा झाला तो उजव्या अंगाला. हात लुळा पडला, बोलणं पार बंद. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढं धरून सांगितलं, "मार डाव्या बाजूला बसलाय. बोलणं बहुतेकांचं तिथंच असतं. सूर बराचसा उजवीकडं राहतो. गाऊन पाहा, कदाचित त्या गातील."

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे सगळं मला पाठ होतं. मेंदूत इतकी सरळ वाटणी नसते हेही माहीत होतं. तरी वाटलं, आमच्या तांड्यानं सुखदुःख सगळं सुरात ठेवलं आणि मी जन्मभर दुसरीकडंच, नुसत्या शब्दांत, भरत राहिले. शाळेत जायला लागल्यावर 'याडी' सोडून तिला आई म्हणायलाही मीच लागले.

तांड्यात नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत. बायांकडून तो आधी शिकावा लागतो. मी शिकले नाही. सासर हिंगोलीचं, लग्न कार्यालयात. चारचौघांत गळा काढायचा मला कमीपणा वाटला. शिकलीसवरलेली ना मी! आई एवढंच म्हणाली, "राहू दे." गाडीत बसताना मी म्हटलं, पोचल्यावर फोन करते.

आता तिनं एकदा मला नावानं हाक मारावी, एवढंच हवं होतं. शाळेतल्या प्रार्थना झाल्या, सिनेमाची गाणी झाली. ती नुसती बघायची. शेवटी डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर काकीकडं गेले.

"आता काहून शिकून राहिली? लगीन तं कवाच झालं," काकी म्हणाली. मग पदर सावरून तिनं चार ओळी शिकवल्या.

घरी येऊन आईच्या गळ्यात पडले आणि गायले, बेसूरच. दुसऱ्या ओळीला तिनं सूर धरला. शब्दांसकट, कुठंही न अडखळता. ढावल्यात नवरी पुन्हापुन्हा 'याडी' म्हणते. डाव्या हातानं माझी मान धरून आई ते मलाच म्हणत होती. कार्यालयात रडायचं राहिलं होतं, ते सगळं मी तिथं रडले.

गाणं संपल्यावर म्हटलं, "याडी, एकदा नावानं हाक मार."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, शब्द आला नाही. मग तिनंच पहिली ओळ पुन्हा धरली.