माहेरची सहल

लोक मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी जातात. आम्ही धुळ्याहून धरणात जायचो. धरणावर नव्हे, धरणात. आईचं माहेर त्याच्या पोटात आहे.

गाव उठलं तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. मामाला वरच्या माळावर नवं घर मिळालं, पण आईनं त्या घराला कधी माहेर म्हटलं नाही. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या गावाची जोती, पायऱ्या, फुटके रांजण उघडे पडायचे. पंधरा-वीस दिवस, फार तर महिना. वर्षातून तेवढेच दिवस आईला माहेर असायचं.

तशी सहल मजेची असायची. मामाची जीप, मागे गोवऱ्यांचं पोतं, वरण-बट्टीचं सामान, पाण्याचे कॅन. पुढे पुढे बाहेरचे लोकही ते बुडालेलं गाव बघायला येऊ लागले, फोटो काढू लागले, आणि मामा त्यांचा फुकटचा गाइड झाला. "हाऊ आम्हना ओटा. आठे बठ्ठा बैल ऱ्हायेत," तो हात पसरून सांगायचा, इथं सगळे बैल असायचे म्हणून. दर वर्षी त्यात बैलांची एक जोडी वाढायची. आजोबांकडे एकच बैल होता आणि तोही लंगडा, असं मामी आमच्या कानात सांगायची.

आई मात्र त्या गमतीत नसायची. उतरल्या उतरल्या ती घरातून आणलेल्या केरसुणीनं जोत्यावरचा वाळलेला गाळ झाडायची. छप्पर नाही, भिंत नाही, आणि ही कोपरे काढून झाडतेय. मग एकटीच पाण्याचा तांब्या घेऊन घरामागे जायची, जिथं निंबाचं खोड उरलं होतं. जेवणं झाली की निघण्याआधी पुन्हा एकदा जायची. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी होती. चिखल आहे, पाय रुततील, असं सांगायची. मी एकुलती एक आणि हट्टी. जिथं जाऊ नको म्हटलं तिथं माझं पाऊल आधी.

मी नऊ वर्षांची असताना मामी खलबत्ता घरी विसरली. ठेचा नाही म्हटल्यावर मामाचं तोंड उतरलं. मी म्हटलं, मी करते. वाटायला दगड शोधत निंबाच्या खोडामागे गेले, तर तिथं जमिनीत उभा रोवलेला एक वरवंटा. सगळीकडे गाळ, आणि तो तेवढा स्वच्छ धुतलेला. नऊ वर्षांच्या डोक्याला त्याचं नवल वाटलं नाही. हलवून हलवून उपटला. जीपच्या सावलीत, कुणाला न दाखवता, एका सपाट दगडावर मिरच्या, लसूण, मीठ घालून त्यानं ठेचा वाटला आणि ताटलीत घालून मिरवत आणला. मामानं तीनदा घेतला. आई एरवी सहलीत धड जेवायची नाही, त्या दिवशी तिनं ताटलीत राहिलेला ठेचा बोटानं पुसून खाल्ला आणि म्हणाली, "पोरीच्या हाताला चव आहे."

वरवंटा मी धुऊन माझ्या दप्तरात घातला. पाण्याखालच्या गावातली वस्तू, शाळेत भाव खायला मिळणार होता.

निघायच्या वेळी आई घरामागे गेली आणि परत येईना. आम्ही गेलो तर ती गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी जमीन उकरत होती. नखांत चिखल गेला होता. मामानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही, बांगडी पडली." मग आम्ही सगळे बांगडी शोधायला लागलो. मीसुद्धा शोधली. मन लावून शोधली.

परतताना आई मागे डोळे मिटून पडली होती. मी मामा-मामीच्या मागच्या बाकावर, मांडीवर दप्तर. मामी हळूच मामाला म्हणाली, "बांगडी नही. बाळना वरवंटा गया."

बाकीचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, काही त्या जीपमध्ये, काही नंतर. माझ्या आधी एक भाऊ झाला होता. पहिलं बाळंतपण म्हणून आई माहेरी आली होती. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून पूजा झाली, आणि आठव्या दिवशी तो गेला. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नाही. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. त्याला निंबाखाली पुरला आणि आजीनं पाचवीला पूजलेला वरवंटा खुणेला वर रोवला. बारशाला हाच वरवंटा नटवून पाळण्याखालून-वरून फिरवायचा होता. त्यानंतर गाव उठलं.

हे सगळं ऐकताना दप्तर माझ्या मांडीला रुतत होतं. मी बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण आईनं तो ठेचा खाल्ला होता. बोटानं पुसून. दगड घेतला हे सांगता आलं असतं हो, पण मग ठेचा कशावर वाटला हेही सांगावं लागलं असतं. मी भित्री निघाले.

त्यानंतर दर मे महिन्यात आम्ही जात राहिलो. आई खोडाभोवती उकरायची, दर वर्षी थोडं लांब लांब. मी तोंड उघडायचं ठरवून जायचे आणि वरण-बट्टी खाऊन परत यायचे. ठेच्याला मात्र त्यानंतर हात लावला नाही. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा वरवंटा साड्यांच्या घड्यांत बांधून आणला आणि गव्हाच्या कोठीमागे ठेवला. आमच्या जळगावात मेमध्ये नळाचं पाणी चटका देतं, पण तो दगड कधी तापला नाही. हात लावला की ओल्या गाळाचा वास यायचा. इतक्या वर्षांनी यावा कसा, मला माहीत नाही. घरात कुणी नसलं की मी कोठीमागे वाकून त्याच्याशी बोलायचे. आज काय भाजी केली, आईचा फोन आला होता, असलं काहीतरी. सुरुवातीला भीतीनं बोलायचे, मग सवयीनं.

माझ्या मुलीच्या बारशाला सासूबाईंना वरवंटा हवा होता. हल्ली मिक्सरच्या घरात वरवंटा कुठला? शेजारी दोन घरी विचारून त्या हात हलवत आल्या. मी बाळाला पाजत आतल्या खोलीत होते. बाहेर आले तर सासूबाईंना सापडला होता. झबलं, कुंची, काजळाची तीट लावून तो शेजारणीच्या मांडीवर होता.

बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देऊ लागल्या. चौथा हात आईचा. तिनं घेतला, पुढे द्यायला म्हणून वळवला, आणि तिचा अंगठा कुंचीच्या आत, खालच्या टवक्यावर थांबला. आजी त्या कडेनं नारळ फोडायची, त्यानं उडालेला टवका. आईनं वर माझ्याकडे पाहिलं.

"अहो आजी, द्या की पुढं, की तुम्हीच ठेवता?" कुणीतरी हसून म्हणालं.

आईनं दिला नाही. तिनं वाकून त्याच्याजवळ तोंड नेलं, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तसं, आणि काहीतरी सांगितलं. कुणाला ऐकू आलं नाही. मग रीतीप्रमाणे पाळण्याखालून पुढच्या हातात दिला.

बायका पेढे-घुगऱ्या घेऊन गेल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात धरलं. मी सगळं सांगितलं, ठेच्यासकट.

"अठरा वरीस मी पानीमां धुंडं," ती म्हणाली. "आनि तो आठे?"

आणि तिनं माझ्या थोबाडीत दिली. बारा दिवसांच्या बाळंतिणीच्या. मला बरं वाटलं, खरं सांगते. मग तिनंच माझं डोकं पोटाशी धरलं. शेवटी विचारलं, "येकला तं नही व्हता ना व?"

"नाही," मी म्हटलं. "मी बोलायचे त्याच्याशी."

"मंग ऱ्हावू दे आठेच. बहीननं घर शे."

त्याला सात वर्षं झाली. आता तो आमच्याबरोबर सहलीला येतो. उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडाला येऊन गेला, पद्मालयाच्या गणपतीला आला, मुक्ताईनगरला दर्शनाच्या रांगेत आईच्या कडेवर उभा राहिला. माझी मुलगी त्याला मामा म्हणते आणि त्याची पिशवी कुणाला उचलू देत नाही. लोक बघतात. बघू देत. त्याला ठेवलेलं नाव आईनं मला अजून सांगितलेलं नाही, मीही विचारत नाही. आई फिरून खोडाभोवती उकरायला गेली नाही.

या हिवाळ्यात धरण तुडुंब होतं. तिथं आता बोटिंग सुरू झालंय, म्हणून मुलीनं हट्ट धरला. आईचे गुडघे गेलेत, तरी ती आली. बोटवाल्यानं आम्हाला मोजलं, आई, मी, मुलगी, आणि तीन लाइफ जॅकेट पुढे केली.

"चार," आई म्हणाली.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मुलीनं पिशवीतून मामाला काढून आजीच्या मांडीवर दिलं. कुंचीतलं गाठोडं बघून बोटवाल्यानं लगबगीनं लहान मुलांचं जॅकेट आणलं.

"हाई बारीक शे," आई म्हणाली. "मोठं दे. चाळीसना शे तो."

तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, द्या दादा. त्यानं दिलं. आईनं ते कुंचीभोवती गुंडाळलं आणि पट्टे आवळून बांधले. बोट गावावरून निघाली. मुलीनं विचारलं, मामाचं घर कुठे, तर मी अंदाजानं बोट दाखवलं. निंबाच्या खोडावरून गेलो असू तेव्हा आईनं खाली पाहिलं नाही.