ठेवा, तोडा, टेकवा

माझे धाकटे दीर जिथे जातील तिथे वस्तू ठोकून बघतात. कलिंगड सगळेच ठोकतात, हे पाहुण्यांच्या घरचं टेबलसुद्धा ठोकतात. टकटक करायची आणि मान कलती करून ऐकायचं. चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण त्यांची अख्खी नोकरीच यात गेली. बागखात्यात ते जुनी झाडं तपासतात. लाकडी हातोडीने बुंधा ठोकायचा, आत लाकूड आहे की पोकळी ते आवाजावरून ओळखायचं आणि छापील फॉर्मवर 'ठेवा' किंवा 'तोडा' यापुढे खूण करायची.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक झाड पोकळ वाजलं, म्हणून त्यांनी 'तोडा'वर खूण केली. झाड आडवं झाल्यावर पाहिलं तर पोकळी होती खरी, घागर मावेल एवढी. पण तिच्याभोवती वीतभर जाडीचं टणक लाकूड होतं. ते झाड अजून कितीतरी वर्षं उभं राहिलं असतं. बदल्यात दहा रोपं लावली, फोटो काढले, त्यातली दोन जगली. झाड पाडलं त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. "आवाज बरोबर ऐकला, अर्थ चुकीचा लावला," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते दोन रकान्यांच्या मधे हाताने तिसरा शब्द लिहितात, 'टेकवा'. म्हणजे शेंडा हलका करा, फांदीला टेकू द्या आणि खालची माणसं हलवा. असा रकाना नाही म्हणून कारकून फॉर्म परत पाठवतो, हे पुन्हा तेच लिहितात. ऑफिसात त्यांचं नावच टेकवासाहेब पडलंय.

एरवी मी हसले असते. पण या वर्षी तो शब्द त्यांनी माझ्या नातीच्या शाळेतल्या झाडासाठी लिहिला. त्या झाडाची एक दांडगी फांदी थेट बाकावर आली होती, आणि शाळा सुटली की मी जाईपर्यंत नात त्याच बाकावर बसते. मुख्याध्यापिकांना झाड तोडून हवं होतं. मलाही.

"भाऊजी, झाडाचा पुळका पुरे," मी म्हटलं. "खाली आपलं पोर बसतं."

"म्हणून तर बाक हलवतोय, वहिनी. झाड हलत नाही, बाक हलतो."

त्यांनी फांदी छाटून हलकी करवली, खाली लोखंडी टेकू दिला. मग फांदी पडली तर कुठवर येईल ते लांब दोरीने मोजत खाली फिरले, खेळाच्या सरांकडून फक्की मागितली आणि जमिनीवर भलीमोठी पांढरी रेघ आखली. बाक उपटून रेघेबाहेर, झाडाच्याच दुसऱ्या अंगाच्या सावलीत नेला. रेघेवर कुंपण घातलं.

"म्हणजे फांदी पडणार हे तुम्हालाही माहीत आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"पडेलच असं नाही. पडली तर रेघेच्या आत पडेल."

"आणि बाहेर पडली तर?"

भाऊजींनी 'टेकवा'खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी मी नातीला आणायला गेले. पानही हलत नव्हतं. बाक पोरांनी भरलेला होता. मी नातीचा हात धरला आणि टेकूच्या पुढची फांदी मोडून कुंपणाच्या आत खाली आली. नातीला मी इतकं आवळलं, की तीच म्हणाली, "आजी, दुखतंय."

अर्ध्या तासात भाऊजी सायकलवरून आले. चेहरा पांढराफटक. आधी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, मग बुंध्याला हातोडी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. गड्यांनी फांदी बाजूला ओढली. फक्की केव्हाच पुसली होती, पण जुन्या बाकाच्या पायांचे चार खड्डे तसेच होते. फांदी नेमकी त्या चारही खड्ड्यांवर आडवी पडली होती.

मला तिथेच, सगळ्यांदेखत रडू आलं.

मुख्याध्यापिका त्या खड्ड्यांकडे बघत राहिल्या. आता त्या 'तोडा' म्हणणार हे मी धरूनच चालले होते. भाऊजींनीही खिशातून कोरा फॉर्म काढला.

"लिहा तुमचं ते नेहमीचं," त्या म्हणाल्या. "आणि आता पुढे काय हलवायचं, ते सांगा."