शेठ गुरगुरत नाही

आमचे शिंपीमास्तर बोलायचे कमीच. दिवसभर ओठांत टाचण्या, मग बोलणार कसे? काही हवं असलं की टेबलावर फूटपट्टी आपटायची. मी त्यांच्याकडे काजं-बटणं करते, त्यामुळे ही भाषा मला पाठ आहे. बायको-पोरं नाहीत. दुकान, मागची खोली आणि शेठ, एवढाच त्यांचा संसार.

शेठ म्हणजे त्यांचा कुत्रा. टेबलाखालच्या चिंध्यांच्या ढिगावर असा पसरायचा, जणू गल्ला त्याचाच. पूर्वी तो गिऱ्हाइकांवर गुरगुरायचा. माप द्यायला माणूस हात वर करून उभा, आणि पायाशी गुरगुर! भीतीनं छाती फुगायची आणि माप चुकायचं. मग मास्तरांनी त्याला वळण लावलं. गुरगुरला की कानाशी फूटपट्टी सटकन. शेवटी शेठ तोंडातून ब्र काढेनासा झाला. कुत्रा असावा तर असा, म्हणून गल्लीभर कौतुक. मला मात्र ती शांतता कधीच आवडली नाही.

एक दिवस मास्तरांची धाकटी बहीण तिच्या चिंगीला घेऊन आली. चिंगी म्हणजे वर्षाचीही नसलेली अवखळ कुत्री.

"दादा, मी आता मुलाकडे राहणार. तिथं हिला घेत नाहीत. तू नाही म्हणालास तर तो हिला कुठंतरी सोडून येईल."

मास्तरांनी टाचण्या काढल्या. "राहू दे. पण शेठशी जमलं तरच हं."

मी म्हटलं, "आधी दोघांना बाहेर फिरवा. परक्या रस्त्यावर भेटू द्या. एकदम त्याच्या घरात नका आणू."

"अगं, मी काय नवशिका आहे? आधी कच्चा दोरा घालतो, मग पक्की शिलाई."

कच्चा दोरा म्हणजे काय, तर मधल्या दारात पडदा आणि दोघांची भांडी वेगळी. काही दिवसांनी त्यांनी पडदा काढला. चिंगी उड्या मारत आली. शेठ नुसता उभा राहिला.

"बघितलंस? गुरगुरलासुद्धा नाही! पसंत पडली त्याला."

तिथंच माशी शिंकली. ज्याला नाही म्हणायची बंदी, त्याच्या गप्प राहण्याला ते होकार समजले.

मला दिसत होतं ते वेगळंच. शेठचं अंग लाकडासारखं ताठ, डोळ्यांचे कोपरे पांढरे. चिंगी पाण्याकडे गेली की हा येऊन वाडग्यावर उभा राहायचा, स्वतः पाणी न पिता. काजं करताना माझं लक्ष सारखं टेबलाखाली जायचं.

"मास्तर, मला याचं लक्षण ठीक दिसत नाही."

"तुझं आपलं काहीतरीच. गरीब गाय आहे तो."

"गाय असता तर मी कशाला बोलले असते?"

त्या दुपारी मास्तर एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट टाचत होते. रीळ घरंगळत टेबलाखाली गेलं. चिंगी त्याच्यामागे, थेट चिंध्यांच्या ढिगावर. शेठनं दात दाखवले नाहीत, आवाज केला नाही. सरळ तिची मान धरली. किंचाळली ती चिंगीच. मास्तरांच्या ओठांत टाचण्या, ओरडता येईना; त्यांनी मध्ये हात घातला. मी इस्त्रीजवळचं पाणी दोघांवर ओतलं तेव्हा शेठनं तोंड सोडलं. गिऱ्हाईक अर्धवट टाचलेल्या कोटानिशी रस्त्यावर पळालं.

चिंगी वाचली, पण कान फाटला. मास्तरांच्या उजव्या हाताला टाके पडले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही.

दवाखान्यातून आल्यावर ते शेठसमोर जमिनीवर बसले. बंद दारापलीकडे चिंगी कण्हत होती.

"गुरगुर की रे बाबा," ते म्हणाले. "ती नको असेल तर नको म्हण. तेवढं कळलं तरी मी दोघांना सांभाळीन."

पलीकडे नखं दारावर घासली. शेठची मान ताठ झाली, वरचा ओठ थरथरला. मग त्यानं मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शहाण्यासारखं तोंड मिटून घेतलं.

मास्तर ढसाढसा रडले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "माझ्या बहिणीला फोन लाव."