कानामागची तीट

लेक आता कानाला हात लावू देत नाही. केजीत होती तेव्हा आम्ही शारजात, रोल्लाला राहायचो. स्कूलबसच्या घाईतही मी तिच्या कानामागे काजळाची तीट लावायचे, आणि दुपारी ती घासून पुसलेली असायची. शेवटी तणतणत शाळेत गेले. तिच्या इजिप्शियन टीचर ओशाळल्या. त्यांना तो पेनचा डाग वाटायचा. दृष्ट लागू नये म्हणून लावते, हे इंग्रजीत सांगताना माझी त्रेधा उडाली.

वर्षअखेरच्या कार्यक्रमाला नेमकी तीट लावायची राहिली. मी स्टेजमागे धावले, तर टीचर स्वतःच्या काजळपेन्सिलीने लेकीच्या कानामागे ठिपका काढत होत्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, तोच ‘यल्ला, नेक्स्ट!’ म्हणत त्या वळल्या. मागे अख्खा वर्ग कान पुढे करून रांगेत उभा होता.