पौषातलं लग्न, कुस्तीच्या रिंगणात

भारतीचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या मेहरूण तलावाभोवती फेरी मारत होते. "जया, शनिवारी धुळ्याला आमचा शो आहे. अमळनेरहून नानांना घेऊन ये. आणि ते मध्येच उठून जाणार नाहीत एवढं बघ." नानांना आणणं जमण्यासारखं होतं. दुसऱ्या कामानं माझी झोप उडाली.

भारती माझी मावसबहीण. दोन वर्षांपासून ती एका छोट्या फिरत्या कुस्ती कंपनीत आहे. लाल मातीतली कुस्ती नव्हे; टीव्हीवर असते तशी, दोरखंडांच्या रिंगणातली. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, पडणं मात्र खरं असतं आणि लागतंही खरंच. मुख्य म्हणजे प्रत्येक कुस्तीमागे एक गोष्ट असते आणि ती जितकी अचाट तितकी लोकांना आवडते.

नाना आमचे मामा. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, म्हणून आम्हीही. आमच्या दोघींच्या वडिलांच्या बदलीच्या नोकऱ्या होत्या, त्यामुळे तिसरीत नाव घालेपर्यंत आमची शाळा म्हणजे नानांची ओटी. सकाळी पाढे आणि शुद्धलेखन, संध्याकाळी टीव्हीवरची कुस्ती. मेलेला भाऊ तिरडीवरून उठून रिंगणात यायचा, जुळ्यांपैकी दुष्ट कोणता ते कोणालाच कळायचं नाही, आणि नाना हे सगळं आम्हाला अहिराणीत समजावून सांगायचे, अगदी भाऊबंदांचा वाटणीचा वाद सांगावा तसं. गोष्ट कशी सांगायची हे भारती तिथंच शिकली असावी. मी मात्र तिथं काळजी करायला शिकले.

पण भाचीनं तेच काम धरल्यावर नाना गप्प झाले. "टीव्हीवरला लोके आपला नही ऱ्हातस," एवढंच म्हणाले. आपली पोर पडताना बघवणार नाही, हे त्यांना तोंडानं सांगता येत नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी तिचा एकही शो पाहिला नव्हता. या वेळी मी फार आर्जवं केली तेव्हा ते तयार झाले, तेही अट घालून: "माले पटनं नही, ते मी ऊठी जासू."

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: जळगावहून अमळनेरला सकाळची पॅसेंजर सोयीची. डब्यात जागा मिळते आणि केळीच्या बागा संपून कापूस कधी सुरू होतो ते निवांत बघता येतं. जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर हवा. मी स्वेटर, मफलर, नानांसाठी जास्तीची शाल, गुडघ्याचं मलम, लिंबाच्या गोळ्या आणि छत्री घेतली होती. छत्री का, ते विचारू नका. अमळनेरला उतरून स्टँडजवळच्या टपरीवर चहा घ्या. आलं भरपूर असतं. तिथून धुळ्याला एसटी आहेत. बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, त्यामुळे नाना कंडक्टरसमोर आधार कार्ड पदक दाखवावं तसं दाखवतात.

पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, वर कोट. नाना खिडकीशी बसले आणि बस हलताच म्हणाले, "आतेपावत काय व्हयनं, ते तर सांग."

पुढचं न सांगण्याचं मी भारतीला वचन दिलं होतं. झालेलं सांगायला हरकत नव्हती. भारती रिंगणात 'तिखट तारा' असते. तिचा जोडीदार केळीवाला किसन. या किसनला खलनायक जहागीरदारानं केळी पिकवण्याच्या थंड खोलीत कोंडलं. सगळ्यांनी त्याची आशा सोडली. पण तो बाहेर आला तो दुप्पट ताकदीचा होऊन; फक्त आता तो 'पिकलेला' असल्यामुळे त्याला प्रत्येक कुस्ती झटपट संपवावी लागते, नाहीतर काळा पडायला लागतो. मग जहागीरदारानं ताराच्या डोक्यात घंगाळ घातलं आणि तिची स्मरणशक्ती गेली. आता ती जहागीरदारालाच आपला माणूस समजते.

नानांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मला वाटलं, आता पारोळा फाट्यालाच उतरतात.

"घंगाय तांबानं व्हतं का पितयनं?"

"तांब्याचं असेल."

"तरीच." मग जरा वेळानं, "याददाश्त गयी म्हंजे आते लगीन."

मी बाहेर वेचणी झालेल्या कापसाकडे एकदम लक्षपूर्वक बघायला लागले. मला खोटं बोलता येत नाही. लहानपणी नानांच्या घरात खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा पाढे म्हणावे लागायचे.

"सांगू नको," नाना म्हणाले. "समजनं माले. पन पौषमा?"

पुढच्या सीटवरच्या मावशी वळल्या. "कोन्हं लगीन शे, आबा?"

"मनी भाचीनं."

"पौषमा?" मावशींचा चेहरा गंभीर झाला. मग त्या धुळे येईपर्यंत अधूनमधून वळून माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मुहूर्त मीच काढला होता.

धुळ्याला उतरल्यावर रिक्षानं साक्री रोडकडे गेलो. शो एका लॉन्सवर होता, म्हणजे मोकळ्या जागेच्या मंगल कार्यालयात. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे लॉन्स रिकामं आणि भाडं कमी. कुस्तीवाल्यांचा सीझन तोच. नवरानवरीच्या दोन राजेशाही खुर्च्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या आणि स्टेजसमोर रिंगण उभं केलं होतं. तिकीट शंभर रुपये, मुलं फुकट. पुढच्या रांगेत बसू नका, घामाचे थेंब येतात. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो.

कंपनीच्या निवेदकाचा घसा बसला होता. त्यामुळे माईक लॉन्सच्या नेहमीच्या निवेदकाकडे, बापूंकडे आला. वर्षभर लग्नं लावून देणारा माणूस. पहिल्याच कुस्तीत त्यांनी "दोन्ही पक्षांकडील पाहुण्यांचं हार्दिक स्वागत" करून टाकलं आणि लोक हसून गडबडा लोळले.

दोन कुस्त्या झाल्या. किसन आला, जिंकला आणि काळा पडायच्या आत पळाला. नाना सरसावून बसले होते. मला जरा बरं वाटलं. मग वाजंत्री सुरू झाली.

भारती हिरव्या शालूत आली. कपाळावर मुंडावळ्या, नजर हरवलेली, आणि शालूखालून गुडघ्याचा पट्टा दिसत होता. समोर मखमली कोटात जहागीरदार. दोघांमध्ये अंतरपाट, लोकांच्या हातात अक्षता. ठरलेली गोष्ट मला ठाऊक होती: अक्षता डोक्यावर पडताच ताराची स्मरणशक्ती परत येते आणि अंतरपाटामागून किसन निघतो. मी डावीकडे बघितलं. नानांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. आपल्या भाचीचं लग्न, तेही लोकांनी हसण्यासाठी. आता उठतात, मला वाटलं. मी त्यांच्या कोटाची बाही हळूच धरून ठेवली.

आणि बापूंनी सवयीनं माईकमध्ये म्हटलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावे. मुलीचे मामा..."

हे गोष्टीत नव्हतं. भारतीनं चमकून बापूंकडे बघितलं. नाना उठले.

"नाना, अहो, ते खरं नाही..."

"हात सोड. पोरना मामा जिता शे अजून."

मी हात सोडला. नानांनी टोपी सारखी केली, एका पैलवानानं दोर वर धरला आणि ते त्याखालून, लग्नात मांडवाच्या माळेखालून वाकून जावं तसे, रिंगणात गेले. लोकांना वाटलं हा शोचाच भाग. टाळ्या पडल्या. नानांनी भारतीचा हात धरला आणि तिला पाटावर आणून उभी केली. मग हात न सोडता पद्धतशीर तिच्या मागे उभे राहिले.

जहागीरदार झालेला मुलगा हुशार. एरवी तो फार लाजाळू असतो म्हणे. त्यानं क्षणभर विचार केला आणि गरजला, "कोण हा म्हातारा? तारा, तू याला ओळखतेस?"

ताराला काहीच आठवत नाही. ओळखते म्हटलं तर दोन महिने उभी केलेली गोष्ट तिथंच कोसळणार. ओळखत नाही म्हटलं, तर दोन वर्षांनी पहिल्यांदा आलेल्या मामाला चारशे लोकांसमोर...

भारती खाली बघत म्हणाली, "नाही. मी यांना ओळखत नाही."

मागून एक बाई हळहळली, "आरे देवा, सख्खा मामाले!"

नानांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त टोपी दिसत होती. ती हलली नाही. मग त्यांनी बापूंकडे हात केला आणि माईक घेतला.

"हिले काहीच याद नही? बरं." घसा खाकरला. "तारा. तेरा सत्ते?"

भारतीची मान आपोआप वर झाली. आमच्या ओटीवर हा प्रश्न आला की मान वर करूनच उत्तर द्यावं लागायचं.

"एक्याण्णव."

"सतरा नव्वे?"

"एकशे त्रेपन्न!"

आता पोरं खुर्च्यांवर चढली होती. जहागीरदार दोन्ही हातांनी कान झाकून "नको, पाढे नको!" म्हणत दोरांवर आपटला.

"एकोणीस अठ्ठे?"

भारती थांबली. कपाळावर तीच आठी, जी मी वर्षानुवर्षं शेजारी बसून बघितली होती. "एकशे... बेचाळीस?"

"बावन्न!" अख्खं लॉन्स ओरडलं.

नानांनी माईक उंच धरला. "बठ्ठा लोकेसनी देखं ना? आठ वरीसनी व्हती तवय बी बेचायीसच सांगे. हाईच मनी भाची!"

"मामा!" भारती किंचाळली. मुंडावळ्या उडाल्या. तिनं जहागीरदाराला उचलला, एक गिरकी दिली आणि असा आपटला की फळ्या वाजल्या. तेव्हा कुठं अंतरपाटामागून किसन निघाला, पण त्याला करायला काही उरलं नव्हतं. तो नुसताच पिवळ्या चड्डीत उभा राहिला. लोकांनी हातातल्या अक्षता जहागीरदारावरच टाकल्या. मागच्या बाई समाधानानं म्हणाल्या, "पौषमा लगीन लाभस का कधी?"

उत्तर तिनं मुद्दाम चुकवलं की खरंच चुकलं, हे भारती अजून सांगत नाही.

संध्याकाळी लॉन्सच्याच स्वयंपाकघरात सगळ्या कंपनीबरोबर शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाल्ली. धुळ्यात शेवभाजी मागताना तिखट कमी सांगा. तरीही तिखटच येते. जहागीरदार नानांना भाकरी वाढत होता. नाना मात्र समीक्षेवर आले होते.

"बाकी ठीक. घंगाय बी ठीक. पन लगीनमा मामा नही, हाई कोनी लिखं?"

सगळे भारतीकडे बघायला लागले, तेव्हा मला कळलं की या सगळ्या गोष्टी तीच लिहिते. थंड खोली, पिकलेला किसन, घंगाळ, सगळं तिचं.

"मी लिहिलं," ती ताटात बघत म्हणाली. "मामा कधी येत नव्हता ना. म्हणून मामा लिहिलाच नाही."

नानांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. मग म्हणाले, "आते लिख."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची एसटी. उन्हं कोवळी, नाना खिडकीशी. रात्रभर मला एकच गोष्ट टोचत होती आणि न विचारता घरी जाणं मला जमलं नसतं.

"नाना, तिनं ओळखत नाही म्हटलं, तेव्हा वाईट वाटलं का?"

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी नखांच्या चार लाल खुणा होत्या.

"तोंडवरी नही म्हने," ते म्हणाले, "अन् मना आंगठा काही सोडे ना."

अमळनेरला मी त्यांना घरापर्यंत सोडलं आणि दुपारच्या गाडीनं जळगावला आले. पिशवी रिकामी करताना मलम तसंच होतं, शाल तशीच, छत्रीही. यातलं काहीच लागलं नाही, तरी पुढच्या वेळी मी ते सगळं नेईनच. ही गोष्ट इथं फोडण्याआधी भारतीची परवानगी घेतली आहे. तिची एकच अट होती: शेवटी बरोबर उत्तर लिहायचं. एकोणीस अठ्ठे एकशे बावन्न. नानांचं म्हणणं मात्र, ताराच्या पुरतं ते बेचाळीसच राहू द्यावं. नाहीतर पुन्हा कधी हरवली, तर तिला ओळखायचं कसं?