भीती वाटत नाही, अशी साक्ष

बेल्ह्याच्या बाजूला आमची वस्ती, तीत ख्रिस्ती घरं मोजून सहा. बिबट्या काही कुणाचा धर्म विचारून येत नाही. शेजारच्या वस्तीवर कांदा खुरपणारी एक बाई त्याने उसात ओढून नेली आणि तेव्हापासून बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रानात जायला लागल्या. रुंद पट्टा, बाहेरच्या अंगाला टोकदार खिळे. बसलेल्या माणसाची तो आधी मान धरतो, म्हणून. आईने घातला, मीही घातला.

आमच्या पाळकांना ते रुचलं नाही. रविवारच्या उपासनेत म्हणाले, "असला पट्टा कुत्र्याच्या गळ्यात शोभतो. देवावर विश्वास असेल तर काढा आणि इथे टेबलावर ठेवा."

माझं डोकं फिरलं. याच गृहस्थांनी उपासनेची वेळ संध्याकाळची सकाळी आणली होती, कारण त्यांना दिवसाउजेडी घोडेगावला आपल्या घरी पोचायचं असायचं. जेवण झालं की गाडीत बसून काचा वर. त्यांच्या घराभोवतीची उंच लोखंडी जाळी मी स्वतः पाहून आले होते. हे सगळं सगळ्यांदेखत बोलून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही साक्ष द्या."

साक्ष द्यायची म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "प्रभूच्या कृपेने मला आता भीती वाटत नाही." सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला ते आमेन फार आवडलं. माझा पट्टा घरी राहिलाय, असंही मी सांगून टाकलं. तो माझ्या पिशवीत होता.

आई उठली. तिने स्वतःचा पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. पाळकांनी जमलेले पट्टे पोत्यात भरून गाडीत टाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खुरपायला बसलो. माझ्या गळ्यात पट्टा, त्यावर गच्च गुंडाळलेला स्कार्फ. आई दोन वाफे पुढे, उसाच्या बाजूला. तिची मान उघडी होती, बारीक, मणके वर आलेले. माझं लक्ष खुरप्यावर नव्हतंच. इकडे ये, असं तिला दोनदा म्हणाले, तर ती हसली. "तूच भिऊ लागली व्हय?"

मी स्कार्फ आणखी घट्ट केला. पाळकांना मनातल्या मनात ढोंगी म्हणणारी मी, स्वतः पट्टा लपवत होते.

मग टिटवी ओरडायला लागली. वारा नव्हता, तरी बांधाजवळचा ऊस एका जागी हलला. पुन्हा हलला, आईच्या आणखी जवळ. मी धावत जाऊन तिला दंडाला धरून उठवलं, रानाच्या मधोमध ओढत आणलं आणि जेवणाच्या डब्यावर खुरपं आपटत सुटले. ऊस आतल्या आत हलत लांब गेला. काय होतं ते दिसलं नाही.

मी स्कार्फ सोडला. पट्टा काढून तिच्यापुढे धरला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. "तुझा तर घरी व्हता ना?"

"नव्हता. पिशवीत होता. मी खोटं बोलले."

"मंजी तुला भ्या वाटतं?"

"लई वाटतं, आई. रोज वाटतं."

आता ती रागावणार, असं मला वाटलं. तिने माझा हात घट्ट धरला. तिचा हात गार पडला होता. "मला बी लई वाटतं गं," ती म्हणाली. "रातभर झोप न्हाई मला. पण तुझी साक्ष ऐकली आन् म्हटलं, आपलाच इश्वास कमी. मग कुणाला सांगू?"

तिने मान पुढे केली. पट्ट्याची बक्कल लावतानाही माझे डोळे उसाकडेच होते, ती काही बसेना. शेवटी तिनेच ती लावून घेतली.