रुपरावांचा तुंबा

खापरखेड्याच्या भोवतालच्या गावांत ज्याला पोहता येतं, त्याला बहुतेक रुपरावांनीच पाण्यात उतरवलेलं. पाठीला भोपळ्याचा वाळका तुंबा बांधायचा, विहिरीला नारळ फोडायचा आणि माणूस हळूच सोडायचा. तुंबा पोकळ, तो स्वतः बुडत नाही, दुसऱ्याला बुडू देत नाही. तडकलेला तुंबा मात्र पाण्यात न्यायचा नाही, त्यात बियाणं ठेवायचं. हा नियमही रुपरावांचाच.

अडुसष्ट साली वेलींवर रोग पडला, तुंबे मिळेनात. रुपरावांनी एका तडकलेल्या तुंब्याची भेग लाखेनं बुजवली आणि तो गोपिकाबाईंच्या मुलाला, चंद्रभानला दिला. पोरगा वीजघरात नुकताच कामाला लागलेला. एका दुपारी तो महादेवरावांच्या विहिरीत एकटाच उतरला. गळ टाकून त्याचं प्रेत वर काढलं, तेव्हा तुंबा पाण्यानं भरलेला होता. कोणाचं लक्ष जायच्या आत रुपरावांनी तो पाठीवरून सोडला, आणि बाभळीमागे नेऊन फोडला.

विहिरीला कठडा नव्हता. गाव म्हणालं, पाय घसरला, दोष विहीरवाल्याचा. महादेवरावांच्या शेतात मजूर जाईनासे झाले. रुपरावांनी तुंब्याचं कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांना अन्न गोड लागेना.

हिवाळ्यात विधानसभा नागपूरला भरली. विहिरींना कठडा सक्तीचा करा, असा कायदा मागायला गावकरी आमदारांकडे गेले. बोलायला रुपरावांना पुढे केलं.

"तुम्ही पोहणं शिकवता ना? मग सांगा, पोरगा बुडाला कसा?" आमदारांनी विचारलं.

रुपराव टोपी काढून तिची घडी घालू लागले.

"काहून गा रुपराव, जिभेले लकवा मारला का?" मागून एकानं टोचलं. "गावात तं लय बोलता!"

"कठडा पाह्यजेच," रुपराव म्हणाले. "पण पोरगा घसरून नाही मेला. फुटका तुंबा म्याच देल्ला होता त्याले. महादेवरावाचा दोष नाही."

"घ्या! आता कोन करते कायदा?" गावकरी चिडले.

"मी कठड्याची मागणी सोडत नाही," आमदार म्हणाले. "आणखी काय मागू?"

"शिकवनाऱ्यालेही कायदा पाह्यजे, साहेब. आमाले कोनी जाब विचारतच नाही."

गावकऱ्यांबरोबर आलेल्या गोपिकाबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत.

"रुपरावभाऊ, महादेवरावाले मी त्याच्या दारात उभी राहून शाप देल्ले," त्या म्हणाल्या. "ते आता कसे परत घेऊ?"

गाडी गावात पोचली, तशा त्या महादेवरावांच्या घराकडे वळल्या. रुपराव मागोमाग गेले. कडी रुपरावांनीच वाजवली; पहिला शब्द त्यांनाच बोलायचा होता.